पापणी नसलेला डोळा

गोल्डफिशला पापणी नसते. तो झोपला तरी डोळे उघडेच राहतात, आणि पाण्यात जे काही बरं-वाईट मिसळलेलं असेल ते चोवीस तास त्या उघड्या डोळ्यांवरून वाहत असतं. त्यामुळे पाणी बिघडलं, की पुष्कळदा पहिली तक्रार डोळाच करतो. आधी त्याच्यावर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका पडदा दिसतो. कधी डोळा फुगून खोबणीबाहेर येतो. घरातली मुलं घाबरतात आणि मोठी माणसं औषध आणायला दुकान गाठतात. माझं म्हणणं एवढंच, की दुकानाकडे वळण्यापूर्वी टाकीतल्या पाण्याकडे नीट बघावं.

मासा आपल्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात आणखी भर पडते. हा अमोनिया कल्ले आणि डोळे दोन्ही जाळतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्याचा विषारी अंश वाढतो आणि पाण्यातला प्राणवायूही कमी होतो. निसर्गाने यावर जिवाणूंची सोय करून ठेवली आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, ते विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य. हे जिवाणू राहतात फिल्टरच्या स्पंजात आणि तळच्या खड्यांत. आपल्याकडे मात्र रविवारची सकाळ म्हणजे टाकीची दिवाळी! सगळं पाणी ओतून द्यायचं, खडे घासायचे, स्पंज नळाच्या धारेखाली पिळायचा आणि टाकी लख्ख करून ताजं पाणी भरायचं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणूंचा संसार उठतो, आणि चार दिवसांत त्या लख्ख टाकीतल्या माशाच्या डोळ्यावर साय दिसू लागते. स्वच्छतेची हौस चांगलीच, पण इथे तिला थोडी मुरड घालावी लागते. आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावं, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने खळबळावा.

शोकेसवरच्या काचेच्या गोल भांड्याबद्दल मी बोलतच नाही. त्यात गोल्डफिश ठेवणं म्हणजे संडासबाथरूमसकट एकाच खोलीत खिडकी बंद करून राहणं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा निरोप पाठवला, “भाऊजी, जरा वर येऊन जा. काळ्याचा डोळा बघा, पोरगं जेवायला तयार नाही.” काळ्या म्हणजे ब्लॅक मूर जातीचा गोल्डफिश. या जातीचे डोळे मुळातच बाहेर आलेले असतात. पिल्लू जन्मतं चारचौघांसारखं. डोळे पुढे काही महिन्यांत बाहेर येतात. तेव्हा नुसते बटबटीत डोळे पाहून घाबरायचं कारण नाही. पण काळ्याचा उजवा डोळा डाव्याच्या जवळपास दीडपट झाला होता आणि त्याच्या कडेला रक्त साकळलं होतं.

अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारतो तो, डोळा एकच सुजलाय की दोन्ही? दोन्ही सुजले असतील तर दोष बहुधा पाण्यात किंवा माशाच्या पोटात असतो. त्यातून अंग फुगून खवले उभे राहिले असतील, तर आशा थोडी असते. एकच डोळा सुजला असेल तर मार लागल्याचा संशय धरावा. टाकीत प्लॅस्टिकचा एक किल्ला होता. त्याच्या दरवाजाच्या कडेवरून बोट फिरवलं, तर ती ब्लेडसारखी लागली.

दुकानदाराने दिलेली निळ्या औषधाची बाटली आणि पाण्यात उघडून टाकायच्या दोन कॅप्सूल वहिनींच्या हातात तयारच होत्या. मी त्या बाजूला ठेवायला सांगितल्या. कोणता जंतू आहे ते ठाऊक नसताना प्रतिजैविक टाकीत ओतलं, तर रोगाचं काय व्हायचं ते होईल. फिल्टरमधले जिवाणू मात्र मरू शकतात. किल्ला काढला. वीस लिटरच्या टबात टाकीतलंच पाणी घेऊन त्यात काळ्याला वेगळं ठेवलं आणि हवेचा पंप लावला. सूज उतरावी म्हणून चहाचा एक सपाट चमचा मॅग्सल्फ, म्हणजे एप्सम सॉल्ट, विरघळवून घातलं. हे खाण्याचं मीठ नव्हे. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. नवं पाणी क्लोरीन घालवलेलं आणि टबातल्या पाण्याइतक्याच तापमानाचं. काढलेल्या पाण्यातून जेवढं मॅग्सल्फ जाईल तेवढंच परत घालायचं, जास्त नाही. मुलाने वहीत तारखा मांडून हे सारं इमानेइतबारे केलं.

दहाव्या दिवशी सूज उतरली. डोळा मात्र वाचला नाही. तो आक्रसला, पांढरा पडला. मुलाने मला विचारलं, “काका, आपल्याला एका बाजूचं दिसत नाही हे त्याला कळतं का?”

मला उत्तर देता आलं नाही. गोल्डफिशची नजर आपल्यापेक्षा श्रीमंत असते. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी, त्याच्या डोळ्यात चार. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही त्याला दिसतात. त्याची डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस तुटली, तर ती पुन्हा वाढून जोडली जाते. पुढे, 1981 साली, नोबेल मिळालेले रॉजर स्पेरी यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर 1963 साली गोल्डफिशवरच प्रयोग करून ते तंतू नेमके आपापल्या जागी कसे पोचतात हे दाखवलं. पण ही नसेची गोष्ट झाली. बुबुळच गेलं तर ते परत येत नाही.

आणि हे बाहेर आलेले डोळे तरी कुणी दिले? चीनमध्ये सुंग राजवटीपासून माणसाने हे मासे हौसेने पाळले, निवडले, जोड्या लावल्या. त्यातूनच दुर्बिणीसारखे डोळे आले आणि डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या लोंबणारा ‘बबल आय’ही आला. तो मला बघवत नाही. फिल्टरच्या ओढीनेसुद्धा ती पिशवी फुटू शकते. असा मासा घरात आणायचाच असेल, तर टाकीत टोकदार दगड, कडक पानांची प्लॅस्टिकची झाडं आणि किल्ले नकोत. पकडायला जाळी न वापरता वाटी वापरावी.

एका डोळ्याचा मासा मजेत जगतो. वास आणि अंगावरच्या पार्श्वरेषेची जाणीव त्याला पुष्कळ मदत करते. काळ्याला आता खाणं रोज त्याच कोपऱ्यात, डाव्या डोळ्याच्या बाजूने घालतात. तळाला बसणारे दाणे आणलेत, आणि त्याच्या तोंडचा घास पळवणारे दोन चपळ कॉमेट शेजारच्या टाकीत हलवलेत. टाकीतल्या वस्तूंची जागा बदलायची नाही, असं मुलाने घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.