लॉगिन होतं, यादी येत नाही

लखनऊच्या गोमतीनगरातलं एखादं आयटी ऑफिस. क्लायंटच्या एफटीपी सर्व्हरवरून फाइल उतरवायची आहे. पासवर्ड टाकला, लॉगिन झालं. फोल्डरमधली यादी मागितली आणि पडदा जो थिजला तो थिजलाच. मिनिटभराने 'टाइम आउट'. पासवर्ड बरोबर, नेट चालू, सर्व्हरही जिवंत. मग घोडं पेंड खातंय कुठे?

या कोड्याचं मूळ लखनऊच्या शेजारीच, कानपूरपाशी सापडतं. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे अभय भूषण पुढे अमेरिकेत एमआयटीत गेले आणि एप्रिल १९७१मध्ये त्यांनी एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. तेव्हा अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, मोजकीच यंत्रं होती, बहुतेक विद्यापीठं आणि संशोधनसंस्थांची. फायरवॉल नावाची वस्तूच नव्हती.

एफटीपी दोन वाटांनी चालतं. हुकूम जातात २१ नंबरच्या पोर्टवर. फाइल, आणि गंमत म्हणजे फाइलींची यादीसुद्धा, दुसऱ्या वाटेने येते. जुन्या 'ॲक्टिव्ह' पद्धतीत ही दुसरी वाट सर्व्हर उघडतो. तो आपल्या संगणकाकडे उलटा जोडणी मागत येतो. फायरवॉल म्हणजे सोसायटीचा वॉचमन: आतून गेलेल्याचं उत्तर येऊ देईल, पण बाहेरून आपणहून आलेल्याला फाटकावरच अडवेल. म्हणून लॉगिन होतं, यादी येत नाही.

'पॅसिव्ह' पद्धतीत दोन्ही वाटा आतूनच उघडतात. सर्व्हर सहा आकडे पाठवतो: पहिले चार त्याचा पत्ता, शेवटचे दोन मिळून पोर्ट. शेवटी १९५ आणि ८० आले, तर १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे पोर्ट ५००००. ही सोय जुनीच होती. क्लायंट प्रोग्रॅमांनी तीच वापरावी, असं बेल लॅब्जच्या स्टीव्हन बेलोविन यांनी १९९४मध्ये सुचवलं. पण कडक ऑफिसात ५०००० सारखी पोर्ट बाहेर जातानाही बंद असतात. शिवाय साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१मध्ये एफटीपीला रजा दिली, ती उगाच नव्हे.

यावर उतारा एसएफटीपी. नाव सारखं असलं तरी खानदान वेगळं. ते एसएसएच या कुलूपबंद जोडणीच्या पद्धतीवर चालतं. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५मध्ये एसएसएच लिहिलं आणि त्यासाठी २२ नंबरचं पोर्ट मागून घेतलं. इथे वाट एकच, तीही कुलूपबंद. वॉचमनलाही एकच नाव सांगावं लागतं.

तरीही घाईत माणसं पेनड्राइव्ह काढतात, नाहीतर स्वतःच्या मेलवर फाइल पाठवतात. फाइल फुटली, तर हा जुगाड महागात पडू शकतो. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. आयटीवाला हटवादीपणा करतोय असं वाटतं, पण जाब त्यालाच द्यावा लागतो.

तेव्हा एसएफटीपीसाठी आयटीकडे तिकीट टाकताना नुसतं 'एफटीपी चालत नाही' असं लिहू नका. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट २२, कुठल्या संगणकावरून आणि किती दिवसांसाठी, एवढं लिहा.