आधी शेपूट बघा, मग नाव ठेवा

आपल्या जुन्या शहरात मोर्णा नदीकाठच्या गल्ल्यांत जे धावताना दिसतं, त्या सगळ्याला आपण सरसकट 'उंदीर' म्हणतो. पण आजार समजायचा तर आधी प्राणी ओळखावा लागतो.

छपराच्या वाशांवरून पळणारा, मोठ्या कानांचा, धडापेक्षा लांब शेपटीचा तो घरउंदीर. प्लेगमध्ये मुख्य धोका याचा, कारण तो मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. 1994 साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात माणसं प्लेगने आजारी पडण्याआधी घरांतले उंदीर मरून पडले होते. म्हणून एकाएकी बरेच उंदीर मेलेले दिसले, तर हात न लावता आरोग्य विभागाला कळवा.

नालीकाठी ताज्या मातीचा ढीग असलेलं बीळ, जाड तोंड, धडापेक्षा आखूड शेपूट? ती घूस. घूस आणि उंदीर, दोघांच्याही मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात जातात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. पुराच्या पाण्यात अनवाणी उतरू नका, एवढं तरी पाळाच.

लांब सोंडेसारखं नाक आणि उग्र वास असलेली चिचुंद्री मात्र उंदरांच्या कुळातलीच नाही. ती किडे खाते. तरी पिसवा तिच्याही अंगावर असतात.

उंदरांशी जोडलेला आणखी एक आजार, स्क्रब टायफस, 2018 मध्ये विदर्भात पसरला होता. तो उंदरांवर पोसणाऱ्या गोचिडीसारख्या बारीक माइटच्या पिल्लांच्या चाव्यामुळे होतो. ताप असेल आणि अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ती आवर्जून दाखवा.