हौदाला दिवसा सावली, रात्री चांदणं

मैत्रिणींनो, भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या जवाहरनगरात उन्हाळा पाहुण्यासारखा दार वाजवून येत नाही. होळी पेटली की दुपारचे रस्ते ओस पडू लागतात आणि मेअखेर नवतपा लागला की पारा ४५ अंशांकडे धाव घेतो. आयुध निर्माणीच्या वसाहतीत काय किंवा आजूबाजूच्या गावांत काय, घरामागं थोडीफार मोकळी जागा असते. आमच्याकडं तिला सांदवाडी म्हणतात. तिथं कुणाचा सिमेंटचा हौद असतो, कुणाचं जुनं टाकं, तर कुणी बाजारातून फुगवायचा प्लॅस्टिकचा तलाव आणलेला असतो. शाळेला सुट्टी लागली की पोरं त्यात डुंबणारच! पण दुपारी त्या पाण्यात हात घालून पाहा. जणू कुणी खाली जाळच लावलाय!

मग काय होतं? "आई, पाणी गरम आहे" म्हणत मुलं बाहेर येतात, आणि मोठी मुलं हळूच सायकल काढून नदीचा रस्ता धरतात. दर उन्हाळ्यात नदीच्या डोहात, खाणीच्या खड्ड्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. वैनगंगेचं पात्र वरून शांत दिसलं तरी डोह कुठं आहे ते पोरांना कळत नाही. म्हणून घरचं पाणी गार राहणं ही नुसत्या चैनीची गोष्ट नव्हे. पोरं आपल्या डोळ्यांसमोर राहतात, हा त्यातला खरा फायदा.

माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं. शाळेत अर्धवेळ शिकवते ते मराठी. पण पुढचे हिशेब शाळेच्या विज्ञानापलीकडचे नाहीत. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर तुम्हीही सहज कराल.

पाणी तापतं कशानं?

समजा, हौद चार फूट लांब, चार फूट रुंद आणि पाणी दोन फूट खोल आहे. त्यात साधारण ९०० लिटर पाणी मावतं आणि पाण्याचा पृष्ठभाग दीड चौरस मीटर होतो. उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर जवळजवळ एक किलोवॉट उष्णता ओततं. म्हणजे उघड्या हौदात आपण दीड हजार वॉटचा पाणी तापवायचा रॉड टाकून बटण चालू ठेवल्यासारखंच झालं! असे चार-पाच तास गेले की पाणी पाच-सहा अंशांनी चढतं. वरून तापलेल्या सिमेंटच्या भिंती आणि अंगणातली फरशी आहेच.

पाणी जितकं उथळ, तितकं ते लवकर तापतं. प्लॅस्टिकच्या तलावात वीतभर पाणी असतं, म्हणून ते अकरा वाजताच कढत होतं. आमच्या जिल्ह्यात कोहळी समाजानं बांधलेले जुने तलाव आहेत. एवढ्या मोठ्या पाण्याचा वरचा थर दुपारी कोमट झाला तरी खाली पाय सोडले की गारवा लागतो, तो या खोलीमुळंच.

गार करणाराही उन्हाळाच

आता गंमत पाहा. जो कोरडा वारा आपला घसा कोरडा करतो, तोच माठातलं पाणी गार करतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती मागं उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. मे महिन्यात आमच्याकडं उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटीमीटरभर तरी खाली जाते. आपल्या हौदाच्या हिशेबानं ते झालं १५ लिटर, म्हणजे एक बादली. पण ही एक बादली उडून जाताना इतकी उष्णता घेऊन जाते, की दुसरीकडून उष्णता आलीच नाही तर उरलेलं सगळं पाणी नऊ-दहा अंशांनी उतरावं!

पाणी किती गार होऊ शकेल, याची परीक्षा घरी करता येते. भिंतीवरच्या हवामानाच्या थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. बाहेर ४४ अंश असले तरी हवा खूप कोरडी असली तर पारा २५ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. मुंबईच्या बहिणीकडं बाहेर ३४ अंशच असतील, पण हवा दमट, म्हणून तिथं तोच ओला पारा २८-२९च्या खाली सहसा जात नाही. आपला कूलर मे महिन्यात घर गार करतो आणि मृग बरसल्यावर नुसता ओलसर वारा फेकतो, त्याचंही कारण हेच.

पोहण्याच्या स्पर्धांच्या तलावात पाणी २५ ते २८ अंशांचं ठेवतात. मुलांना डुंबायला २८-३० अंश छान. तेव्हा आपण काही अशक्य मागत नाही आहोत.

बर्फाची लादी नको

हौदात बर्फाची लादी सोडायचा मोह अनेकींना होतो. हिशेब करून पाहू. दहा किलो बर्फ वितळून हौदाच्या पाण्याइतका होईपर्यंत आपल्या ९०० लिटर पाण्यात फरक पडतो जेमतेम सव्वा अंशाचा! पैसे गेले, आणि तो बर्फ कोणत्या पाण्याचा होता ते देवच जाणे. बादलीभर पाणी वाऱ्यावर उडू दिलं तर त्याच्या कितीतरी पट काम फुकटात होतं. फक्त तीन गोष्टी सांभाळायच्या: दिवसा सावली, रात्री मोकळं आभाळ आणि पाण्याला हालचाल.

दिवसा सावली

हौदावर बांबूचा चौक उभा करा आणि वर तट्टे टाका. लग्नाच्या मांडवावर घालतो तसा जांभळीचा पाला घातला तर सावली दाट आणि गार पडते. पाला मात्र गळून पाण्यात कुजू देऊ नका. त्याखाली जुनं लुगडं ताणून बांधलं की काम भागतं. हिरवी जाळी वापरणार असाल तर ती दुहेरी घ्या. पश्चिमेकडची बाजू विसरू नका. तीन ते पाचचं तिरपं ऊन तिकडूनच येतं. तिथं वाळ्याची ताटी किंवा गोणपाट टांगून त्यावर पाणी शिंपडावं.

मांडव पाण्यापासून पाच-सहा फूट उंच हवा. अगदी पाण्याला टेकवून झाकण घातलं तर वारा खेळत नाही, वाफ कोंडते आणि पाणी गार होण्याची वाटच बंद होते. थंड मुलखात तरणतलावावर फुगेदार प्लॅस्टिक पसरतात ते पाणी ऊबदार राहावं म्हणून. नागपूरकडच्या बंगल्यांत, फार्महाऊसवर ज्यांचे तरणतलाव आहेत, त्यांनी तसलं आवरण उन्हाळ्यात गुंडाळून ठेवावं.

हौदाच्या भिंतींना बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्या. प्लॅस्टिकचा तलाव असेल तर तो फरशीवर ठेवू नका. झाडाखाली, मातीवर जुनं पोतं अंथरून ठेवा.

रात्री मोकळं आभाळ

सूर्य मावळला की मांडवावरचं कापड किंवा जाळी बाजूला सारायची. निरभ्र रात्री पाणी आपली उष्णता आकाशाकडं सोडत असतं. शिवाय वाऱ्यानं वाफही होत राहते. ही युक्ती आपल्या देशात फार जुनी आहे. रॉबर्ट बार्कर या इंग्रजानं १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडची (आताचं प्रयागराज) एक रीत लिहून ठेवली आहे. तिथले लोक थंडीच्या दिवसांत उथळ खड्ड्यांत वाळल्या चिपाडांचा थर घालून त्यावर मातीच्या पसरट थाळ्या मांडत आणि संध्याकाळी त्यांत पाणी भरत. पहाटे त्या थाळ्यांतून बर्फ काढत! मे महिन्यात आपल्या हौदात बर्फ होणार नाही हे खरं, पण उघड्या आभाळाखाली ठेवलेलं पाणी पहाटे किती उतरलेलं असतं ते स्वतः हात घालून बघा.

पाणी हलतं ठेवा

स्थिर पाण्याला वारा फक्त वरून लागतो. तेच पाणी थेंबाथेंबांनी पडलं तर प्रत्येक थेंबाला चहूबाजूंनी वारा मिळतो. कूलरचा छोटा पंप हौदात सोडून त्याची नळी मांडवाला उंच बांधा आणि टोकाला झारीचं तोंड लावा. रात्री दोन-तीन तास आणि पहाटे तासभर ही धार चालवली की काम होतं. पंप नसेल तर पहाटे उठून वीस-पंचवीस लोटे चाळणीतून उंचावरून ओतले तरी थोडा फरक पडतो. मुलांना हे काम फार आवडतं.

एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा सांगते. मूल पाण्यात असताना पंप चालू नको. नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढून वायर गुंडाळून घरात ठेवा. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतात. तोच पंप, तेच पाणी. वायरला जोड असेल तर तो पंप हौदात सोडूच नका, आणि मीटरपाशी गळती होताच वीज तोडणारं यंत्र वायरमनकडून बसवून घ्या.

पाणी भरावं कधी?

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हौदात सोडलं तर सगळी मेहनत वाया. हौद पहाटे भरावा. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं बादलीभर पाणी तापलेलं असतं, ते बाजूला काढून ठेवा. विहिरीचं पाणी असेल तर सोन्याहून पिवळं, कारण खोल जमिनीला दुपारचं ऊन माहीतच नसतं. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या पाणचक्कीला पाणी आणलं आहे ते जमिनीखालच्या नळांतून. तिथल्या मोठ्या हौदाखाली दालन आहे आणि डोक्यावरच्या पाण्यामुळं ते उन्हाळ्यातही गार राहतं. आपल्याला एवढा खटाटोप नको. पाइप वीतभर मातीखाली पुरला किंवा त्यावर ओलं गोणपाट टाकलं तरी पुष्कळ.

गार पाणी स्वच्छही हवं

साचलेल्या कोमट पाण्यात रोगजंतू लवकर वाढतात. २०२४ आणि २०२५ साली केरळात मेंदूला ताप आणणाऱ्या अमीबाचे रुग्ण आढळले. हा आजार विरळा आहे, पण तो अमीबा साचलेल्या कोमट गोड्या पाण्यात राहतो आणि नाकातून शिरतो. म्हणून पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावं आणि हौद घासून घ्यावा. विहिरीच्या पाण्यासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर हे प्रमाण सांगतात, तेच इथं धरावं. पावडर आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं हौदात ओतायचं. हे काम संध्याकाळी करा, कारण उन्हानं क्लोरीन उडून जातं. मुलांना सकाळी सोडा.

डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. तेव्हा गावाला जायचं असेल तर हौद भरलेला ठेवू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तान्हं, रांगतं मूल घरात असेल तर वीतभर पाणीही त्याच्यासाठी डोहच. मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसानं तिथंच बसायचं. भाजी निवडा, वाटाणे सोला, पण नजर हौदावर हवी. फोन आला तर वाजू द्यावा. डुंबणं झालं की प्लॅस्टिकचा तलाव लगेच उलटा करायचा आणि हौदावर खिळ्यांनी घट्ट बसवलेली लोखंडी जाळी टाकायची. जाळीतून वारा खेळतो, मूल आत पडत नाही.

त्या पाण्याचं पुढं काय?

९०० लिटर पाणी म्हणजे थोडं नव्हे. ज्यांच्याकडं नळ दिवसाआड येतो, त्यांनी मोठा हौद भरूच नये. झाडाखाली एक टब आणि डोक्यावर झारीची धार एवढ्यावर मुलं खूश असतात. ज्यांनी हौद भरला, त्यांनी बदलायच्या दिवशी पाणी गटारात सोडू नये. आंब्याच्या आळ्यात, कढीपत्त्याला, वालाच्या वेलाला घालावं. उरलं तर संध्याकाळी अंगणात सडा टाकावा, म्हणजे रात्री खाट टाकायची जागाही निवते.

तर मैत्रिणींनो, या रविवारी घरातल्या पुरुषमंडळींना हाताशी धरा आणि चार बांबू रोवून घ्या. नवतपा लागायच्या आत मांडव झाला, की दुपारी "पोरं कुठं गेली?" म्हणून गल्लीभर हाका मारत फिरावं लागणार नाही. हौदातला धिंगाणा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल. तो ऐकू येतोय ना, यावर मात्र विसंबू नका. कुणीतरी तिथं बसलेलं हवंच.