विश्लेषण : दुसऱ्याची त्वचा अंगावर टिकत नाही, तरी त्वचादान का? जाणून घ्या त्वचेची आणि शरीरातील अस्तरांची गोष्ट...

नेत्रदान आता बहुतेकांच्या परिचयाचे आहे. त्वचादानाचे नाव काढले, की मात्र घरातली माणसे दचकतात. अंत्यविधीची तयारी सुरू असताना ‘कातडी काढणार’ हे शब्दच कानाला सोसत नाहीत. त्यात निर्णयासाठी हाताशी वेळ थोडा, मृत्यूनंतर साधारण सहा तासांचा. चेहरा विद्रूप होईल का, रक्तगट जुळावा लागतो का, गोऱ्या माणसाची त्वचा सावळ्या रुग्णाला कशी चालेल, असे प्रश्न याच वेळात पुढे येतात. त्यातल्या बहुतेकांची उत्तरे त्वचेच्या रचनेतच आहेत.

त्वचा म्हणजे नेमके काय?

प्रौढ माणसाच्या अंगावरची त्वचा पसरून मोजली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. पापणीवर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, तर तळपायावर काही मिलिमीटर. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा (एपिडर्मिस), त्याखालचा जाड आणि चिवट थर म्हणजे अंतस्त्वचा (डर्मिस) आणि सगळ्यात खाली चरबीची गादी.

बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होतात आणि वर ढकलल्या जातात. वर सरकताना त्यांच्यात केराटिन हे प्रथिन भरत जाते आणि पृष्ठभागाजवळ पोहोचेपर्यंत त्या मरतात. हा प्रवास साधारण चार आठवड्यांचा असतो. आपण ज्याला हात लावतो ती त्वचा म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस थर असतात. त्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी चुन्यासारख्या भरलेल्या असतात. या बांधकामाची जाडी केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. तरीही शरीरातले पाणी आत राखणे आणि जंतूंना बाहेर रोखणे ही दोन्ही कामे मुख्यतः तेच करते.

याच थरात रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गंमत म्हणजे गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन तयार करतात यात. पहारेकरी म्हणाव्यात अशा लँगरहान्स पेशीही इथेच असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये त्या शोधल्या, तेव्हा त्याला त्या मज्जापेशी वाटल्या होत्या. प्रत्यक्षात त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत. परकी त्वचा शरीर का नाकारते, या प्रश्नाशी त्यांचा थेट संबंध आहे.

अंतस्त्वचेत कोलॅजेनचे धागे, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, केसांची मुळे आणि लाखो घामाच्या ग्रंथी असतात. एक लिटर घाम वाफ होऊन उडाला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. वाफ झाली तरच, ही अट मात्र महत्त्वाची. मुंबईच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, त्याने गारवा मिळत नाही. स्पर्श आणि तापमान ओळखणारी यंत्रणाही इथलीच. ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. ज्युलियस यांनी त्यासाठी मिरचीतल्या तिखट द्रव्याचा, कॅप्सायसिनचा वापर केला. मिरची आणि चटका यांची खबर एकाच संवेदकातून मेंदूला जाते, म्हणून मिरची लागली की आग झाल्यासारखे वाटते.

भाजल्यावर काय बिघडते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दर वर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपाचे भाजतात. ‘लॅन्सेट’मध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००१ या एका वर्षात देशात आगीमुळे १ लाख ६३ हजारांवर मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला होता. त्यातले १ लाख ६ हजार मृत्यू स्त्रियांचे होते आणि त्यांतही तरुण स्त्रिया अधिक होत्या. भाजण्याचा प्रश्न हा स्वयंपाकघराचा आणि घरातल्या बाईच्या स्थितीचाही प्रश्न आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

जखम फक्त बाह्यत्वचेपुरती असेल तर कातडी लाल होते, दुखते आणि काही दिवसांत भरून येते. अंतस्त्वचेचा वरचा भाग भाजला तर फोड येतात आणि वेदना असह्य होतात. पण केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी शाबूत असतील, तर त्यांच्या कडेच्या पेशींपासून नवी बाह्यत्वचा तयार होऊ शकते. पूर्ण जाडी जळाली की मात्र ती जागा पांढरट किंवा काळपट, चामड्यासारखी होते आणि तिथे दुखत नाही. ‘दुखत नाही म्हणजे फारसे भाजले नाही,’ असे नातेवाईकांना वाटते. खरे तर दुखण्याची खबर देणारे मज्जातंतूच तिथे उरलेले नसतात. ही जखम आपोआप भरून येत नाही. लहान असेल तर ती कडेने आकसत मिटते, मोठी असेल तर तिथे त्वचा लावावीच लागते.

किती टक्के भाजले हे मोजायला डॉक्टर ‘नऊचा नियम’ वापरतात. प्रौढाचे डोके-मान ९ टक्के, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धडाची पुढची बाजू १८, मागची १८ आणि जननेंद्रियाचा भाग १ टक्का. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, त्यामुळे तिथे हे गणित बदलते. घरच्या घरी अंदाज बांधायचा तर रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे सुमारे एक टक्का.

ही टक्केवारी लागते कारण भाजल्यावरचे पहिले संकट पाण्याचे असते. त्वचेचा बांध फुटतो, रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि रक्तातले पाणी ऊतींमध्ये उतरते. पार्कलंड सूत्रानुसार वजनाच्या प्रत्येक किलोमागे, भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे ४ मिलिलिटर सलाइन चोवीस तासांत द्यावे लागते. साठ किलोचा माणूस ४० टक्के भाजला असेल तर हा हिशेब ९,६०० मिलिलिटरवर जातो आणि त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे असतात, रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे. गावाहून शहरात रुग्ण आणताना नेमका हाच वेळ हातून जातो. सूत्रातला आकडाही फक्त सुरुवातीचा. पुढे लघवी किती होते ते पाहून प्रमाण ठरवतात.

दुसरे संकट जंतुसंसर्गाचे. ते काही दिवसांनी येते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. दान केलेली त्वचा उपयोगी पडते ती इथे.

शरीराच्या आतली अस्तरे कोणती?

त्वचा हे बाहेरचे आवरण झाले. शरीराच्या आतही अस्तरे असतात. तोंड, नाक, श्वासनलिका, अन्नमार्ग, मूत्रमार्ग अशा बाहेर उघडणाऱ्या मार्गांना श्लेष्मल अस्तर असते. ते ओले असते आणि झपाट्याने नवे होते. आतड्याचे अस्तर तर काही दिवसांतच बदलते. बंद खोलीत आग लागली तर धुराने आणि उष्णतेने श्वासमार्गाच्या या अस्तराला सूज येते. म्हणून नाकातले केस करपलेले, आवाज घोगरा झालेला रुग्ण कातडीवर फारसे भाजलेला नसला, तरी डॉक्टर त्याला तातडीचा मानतात. मोठ्या जखमेचा परिणाम पोटावरही होतो. गंभीर भाजलेल्यांच्या जठर-आतड्यात होणाऱ्या व्रणाला १८४२ मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या थॉमस कर्लिंग यांचे नाव आहे.

बंद पोकळ्यांना वेगळे, दुहेरी अस्तर असते. फुप्फुसाभोवतीचे, हृदयाभोवतीचे आणि पोटातल्या अवयवांभोवतीचे. दोन पदरांमध्ये थोडासा द्रव असतो, त्यामुळे अवयव एकमेकांवर घासत नाहीत. ‘फुप्फुसात पाणी झाले’ असे म्हणतो तेव्हा ते पाणी बहुतेकदा या दोन पदरांमध्ये साठलेले असते आणि आपल्याकडे त्याचे एक मोठे कारण क्षयरोग आहे. सांध्यांच्या आतले अस्तर याहून निराळे. गुडघ्यातले वंगण तेच पुरवते.

आणखी एक पडदा इथे महत्त्वाचा आहे. बाळाभोवतीच्या गर्भजलाच्या पिशवीचा. प्रसूतीनंतर वारेबरोबर तो टाकून दिला जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतीपेढी सुरू झाली. तिथे हाच पडदा स्वच्छ करून, वाळवून, किरणोत्साराने निर्जंतुक करून जखमेवर लावण्यासाठी तयार केला जातो.

केळीचे पान आणि बटाट्याची साल

भाजलेल्या जखमेवर रोज चिकटलेली पट्टी सोडवणे हा यातनांचा वेगळाच अध्याय आहे. परदेशी, महागडी ड्रेसिंग परवडत नाहीत म्हणून मुंबईतल्या डॉक्टरांनी घरगुती वाटावेत असे पर्याय शास्त्रीय कसोटीवर तपासले. डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून पाहिली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचा प्रयोग केला. पानाचा मेणचट पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रुग्ण कळवळत नाही. हे निष्कर्ष ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. (याचा अर्थ घरी कच्चा बटाटा किसून लावावा, असा नाही.) याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. पुढे नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही ती उभी राहिली.

दान केलेली त्वचा किती दिवस टिकते?

साधारण दोन ते तीन आठवडे. ती कायमची बसत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. ती जिवंत पट्टीचे काम करते. जखम झाकते, पाणी आणि प्रथिने वाहून जाणे थांबवते, जंतूंना अडवते, वेदना कमी करते. तोवर उथळ जखमा खालून भरतात. खोल जखमांसाठी रुग्णाच्या स्वतःच्या मांडीवरून किंवा पाठीवरून पातळ त्वचा काढून लावतात. तिला यंत्राने बारीक छेद देऊन जाळीसारखे ताणता येते, म्हणजे थोड्या त्वचेत मोठी जागा झाकता येते. काढलेली जागा दोनेक आठवड्यांत भरली, की तिथूनच पुन्हा त्वचा घेता येते. साठ-सत्तर टक्के भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर मात्र घेण्याजोगी जागाच कमी उरते. मधले हे आठवडे दात्याच्या त्वचेमुळे निभतात.

रंगाचा प्रश्न त्यामुळेच उद्भवत नाही. जी त्वचा पुढे गळूनच पडणार, तिचा रंग जुळवायचा कशाला? रक्तगटही जुळवावा लागत नाही. काढलेली त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवतात. त्यात तिच्या पेशी मरतात, पण ढाचा शाबूत राहतो. चार ते आठ अंश सेल्सियसला ती पाच वर्षांपर्यंत ठेवता येते.

घरी आलेले पथक काय करते?

मानवी अवयव आणि ऊती प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊती आल्या आणि त्यांत त्वचाही आली. जवळच्या नातेवाईकाची लेखी संमती घेतली जाते आणि दात्याच्या रक्ताचा नमुना तपासणीला नेतात. दात्याचे वय १८ वर्षांहून अधिक असावे लागते. मधुमेह किंवा रक्तदाब असला तरी अडचण नसते. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग वा जंतुसंसर्ग असेल तर त्वचा घेत नाहीत. मृत्यू पोलीस प्रकरणातला असेल तर वेगळी परवानगी लागते.

त्वचा काढतात ती पाय, मांड्या आणि पाठीवरून. ‘डर्माटोम’ नावाच्या यंत्राने वरचा अतिशय पातळ पापुद्रा निघतो. चेहरा, छाती आणि हातांना हात लावला जात नाही. रक्त वाहत नाही. सगळे मिळून पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. त्यानंतर त्या जागी पट्ट्या बांधतात आणि कपडे चढवल्यावर काहीच दिसत नाही. नेत्रदानही त्याच वेळी करता येते.

भाजल्यास पहिल्या वीस मिनिटांत काय करावे?

भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतले काहीही नको, कारण जखम किती खोल आहे हे पाहण्यासाठी डॉक्टरांना ते आधी खरवडून काढावे लागते. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ लगेच काढावे, नाहीतर सुजेत ते रुततात. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ चादरीत गुंडाळून रुग्णालय गाठावे.

रुग्णालयातून घरी गेल्यावरही बराच काळ उपचार चालतात. व्रण आकसून सांधे आखडू नयेत म्हणून व्यायाम करावा लागतो आणि घट्ट दाबपट्ट्यांचे कपडे कित्येक महिने, दिवसाचे बहुतेक तास घालावे लागतात. रुग्णाच्याच अंगावरची पातळ त्वचा लावलेली असली, तरी तिच्याबरोबर घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी येत नाहीत. त्यामुळे ती जागा कोरडी पडते, खाजते, तिला रोज तेल किंवा मलम चोळावे लागते. त्या भागाला घाम फुटत नाही. शरीराचा मोठा भाग असा झाला असेल, तर या माणसांना एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा त्रास इतरांपेक्षा लवकर होतो. म्हणून डॉक्टर त्यांना दुपारी बाहेर पडू नका आणि ओला पंचा जवळ ठेवा, असे सांगतात.