सामायिक कारभाराची मराठी पदनामे : मराठवाड्यातील ग्रामव्यवहाराच्या संदर्भात

प्रस्तावना :
एकच अधिकारपद दोन किंवा अधिक व्यक्तींनी मिळून सांभाळणे ही आधुनिक व्यवस्थापनशास्त्राची देणगी आहे, असा एक समज आढळतो. मराठी ग्रामव्यवस्थेला मात्र ही पद्धत जुनी आहे आणि तिच्यासाठी भाषेने वेळोवेळी शब्दही घडविले आहेत. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी व आसपासच्या गावांचा परिसर डोळ्यांपुढे ठेवून अशा काही पदनामांचा अर्थ प्रस्तुत लेखात उलगडला आहे.

वतनातील वाटणी :
17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे गावची पाटीलकी दोन पदांत विभागलेली असे. साऱ्याची वसुली करणारा तो माली पाटील आणि गावचा बंदोबस्त पाहणारा तो पोलीस पाटील. हिशेबाचे दप्तर पटवाऱ्याकडे. ‘माली’ या शब्दाचा बागेतल्या माळ्याशी काही संबंध नाही. अरबी ‘माल’, म्हणजे महसूल, यावरून तो आला. महाराष्ट्रात 1962 च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद रद्द झाले. पोलीस पाटील मात्र 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार वंशपरंपरेऐवजी नेमणुकीने येऊ लागला. जोडीतला एक शब्द गेला, एक राहिला.

याशिवाय वतन भाऊबंदांतही वाटले जाई. अशा हिश्श्याला ‘तक्षीम’ म्हणत. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘निमे पाटीलकी’ विकल्याचे करार आढळतात आणि त्यांत होळीच्या पोळीचा मान कोणाचा, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा, हे तपशीलवार लिहिलेले असते. कामाची विभागणी एका ओळीत उरकणारे हे लेखक मानपानाबाबत कमालीचे दक्ष होते. अधिकार सामायिक करणे त्या मानाने सोपे, मान सामायिक करणे अवघड, हे त्यांना पुरते ठाऊक असावे.

सामूहिक नेतृत्वाचा सर्वांत प्रसिद्ध मराठी शब्द ‘बारभाई’ हा होय. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील खुनानंतर सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी मुत्सद्द्यांनी एकत्र येऊन रघुनाथरावांस दूर सारले आणि 1774 मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालविले. म्हणजे कारस्थान साधले. तरीही भाषेत ‘बारभाई कारभार’ म्हणजे गोंधळ, असाच अर्थ रुळला. इतिहासाने दिलेला निकाल आणि भाषेने दिलेला निकाल येथे जुळत नाहीत.

‘सह’ आणि ‘उप’ :
‘सह’ म्हणजे बरोबरीचा व ‘उप’ म्हणजे हाताखालचा, अशी फोड शब्दकोशाच्या दृष्टीने योग्य आहे. कार्यालयीन मराठीत ती टिकत नाही. सहकार खात्यात विभागाला सहनिबंधक, जिल्ह्याला उपनिबंधक आणि तालुक्याला सहायक निबंधक असतो. येथील ‘सह’ ही केवळ उतरंडीतील एक पायरी आहे. उलट गावात खरा सामायिक अधिकार जेथे आहे तेथे जोडशब्दच नाही. ग्रामनिधीच्या धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक (2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या सह्या लागतात. एकट्याच्या सहीने पैसा हलत नाही. या जोडीला कायद्याने सामायिक नाव दिलेले नाही. उपसरपंच हे पद नावाने जोडलेले असले तरी सरपंच नसताना ते विशेष अर्थपूर्ण होते.

ज्याला कायदा ओळखत नाही असे एक पदनाम मात्र लोकांनीच घडविले : ‘सरपंचपती’. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर स्त्रियांना एकतृतीयांश आणि महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा मिळाल्या. निवडून आलेल्या पत्नीच्या खुर्चीशेजारी बसणाऱ्या पुरुषाला हा शब्द मिळाला. त्यात उपरोध आहे, पण अनेकदा तो उपरोधाशिवायही वापरला जातो, ही अधिक चिंतेची बाब होय.

घर आणि सातबारा :
शब्दाने प्रत्यक्ष हक्क जातो, याचे उदाहरण सातबाऱ्यावर सापडते. एकत्र कुटुंबाच्या जमिनीवर थोरल्या भावाचे नाव लावून पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहिण्याची पद्धत होती. ही तीन अक्षरे त्या नावाआड इतरही मालक आहेत, असे सांगणारी. परंतु वाचणाऱ्यास एकच नाव दिसे. धाकटे भाऊ आणि विशेषतः बहिणी कागदावर अदृश्य राहत. पुढे ती अक्षरे गळून केवळ नाव उरले, तर व्यवस्थापक हाच मालक ठरण्याचा धोका असे. याउलट ‘सहहिस्सेदार’ या शब्दात प्रत्येकाचे नाव लिहावेच लागते. लक्ष्मीमुक्ती योजनेच्या 1992 च्या शासननिर्णयानुसार पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव याच शब्दाने सातबाऱ्यावर येते. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलीला ‘सहदायाद’ मानले आणि 2005 मध्ये ते देशभर लागू झाले. डिसेंबर 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ज्येष्ठ स्त्रीही एकत्र कुटुंबाची कर्ता होऊ शकते, असा निर्णय दिला.

बोलीला या जोडपदाची अडचण कधी पडली नव्हती. पतीचे नाव न घेता पत्नी त्याला ‘कारभारी’ म्हणते आणि तोही तिला ‘कारभारीण’ म्हणतो. दोन्ही शब्दांना ‘सह’ लागत नाही, ‘उप’ही लागत नाही. फक्त तलाठ्याच्या दप्तरात त्यांतला एकच शब्द पोहोचला होता.