पेनिसिलिन आलं, म्हसोबा राहिला

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि लवकरच इथल्या माळावर पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्याच वर्षी इंग्लंडात जेराल्ड गार्डनर नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याने पुस्तक लिहून सांगितलं, की ख्रिस्ताआधीचा निसर्गधर्म अजून जिवंत आहे आणि तो पाळणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत. तिथला चेटूकविरोधी कायदा तीनच वर्षांपूर्वी रद्द झाला होता. पुढे विक्का पंथ वाढला. आइसलंडने १९७३ मध्ये जुन्या नॉर्स देवांच्या उपासकांना रीतसर मान्यता दिली. युरोपात लोक तुटलेला धागा पुस्तकांतून हुडकून जोडत होते. पवनेच्या काठी तो तुटलाच नव्हता. आता तुटेल, अशी मात्र शिकलेल्यांची खात्री होती. पेनिसिलिनपुढे मरीआई किती टिकणार?

१९५४ ची आणखी एक नोंद इथलीच आहे. २५ डिसेंबरला देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दोन वर्षांनी धर्मांतर झालं आणि कितीतरी घरांनी देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. लोकदेवतांचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही. अंगावर आसूड ओढणारा पोतराज कोणाच्या घरातून यायचा आणि नैवेद्य कोणाच्या घरात जायचा, याचा हिशेब सरळ नव्हता. ज्यांनी ते देव टाकले, त्यांना काय टाकतोय हे नीट ठाऊक होतं.

याच सुमारास दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासची खेडी पायी पालथी घालत होते. शेंदूर फासलेल्या तांदळ्यांजवळ त्यांना अश्मयुगीन माणसाची गारगोटीची बारीक हत्यारं सापडत. जुन्या पायवाटा जिथे मिळतात तिथे देवी बसली, असा त्यांचा तर्क. एक गंमत त्यांनी नेमकी पकडली. तुळजापूरची भवानी ज्या महिषासुराला मारते, त्याच्याच कुळातला म्हसोबा गावोगावी पुजला जातो. वीरच्या म्हस्कोबाचं तर दरवर्षी जोगेश्वरीशी लग्न लागतं. एकीकडे वध, दुसरीकडे वरात! कोसंबींचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ १९६२ मध्ये आलं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापनाही त्याच वर्षीची.

नंतरची कहाणी जमिनीची. काळेवाडी म्हणजे पिंपरीच्या पलीकडच्या काठावरची शेतं. कारखाने वाढले, १९७० मध्ये नगरपालिका आली, १९८२ मध्ये महापालिका, आणि शेतं गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. बांध गेला, बांधावरची बाभळ गेली. बांधावरचा शेंदूर फासलेला दगड हलवायला मात्र कोणी धजेना. प्लॉटिंगवाल्याने तेवढी जागा सोडून रस्ता आखायचा, हा अलिखित करार. आज इथे पाचपीर चौक आहे, ज्योतिबानगर आहे. पत्ता सांगताना रोज देवाचं नाव तोंडी येतं, पण तो पुजला जातोय असं कोणाच्या मनातही नसतं.

खरा बदल कारखान्याने केला नाही, फरशीने केला. उघड्यावरच्या दगडाला आधी पत्रा आला, मग चौथरा, मग ग्रॅनाइट, ग्रिल आणि देणगीदारांच्या नावांची पाटी. सार्वजनिक जागेवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं नकोत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बजावलं. पण तोवर बऱ्याच देवांची पक्की घरं झाली होती. सोवळेपणही वाढलं. कोंबडं-बकरं मागे गेलं, पेढा पुढे आला. माझ्या मते हे म्हसोबाचं नुकसान आहे. त्याचा रोख स्वभावच गेला. नवस बोललास, फेड. शीव ओलांडलीस, नारळ दे. एवढंच त्याचं म्हणणं असे. शेंदऱ्या देवांना देहूच्या तुकोबांनी चांगलंच झोडपलं होतं, त्यातूनही हे गडी वाचले. संगमरवरातून वाचतील का, शंका आहे.

रोजच्या जगण्यात मात्र जुनी रीत बिनबोभाट चालते. बाळ पाचव्या दिवसाचं झालं की सटवाईची पूजा. पूजेला पाटा-वरवंटा लागतो आणि मिक्सरच्या घरात पाटा नसतो. मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा पाटा आख्ख्या इमारतीत फिरतो. रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लिहायला येणार म्हणून कोरा कागद आणि पेन. बाळाचं लसीकरणाचं कार्ड त्याच फळीवर. दोन्हींत आईला काही विसंगत वाटत नाही, आणि का वाटावं?

खंडेनवमीला भोसरीतला एखादा गाळा बघावा. आदल्या दिवशी लेथचा बुर झाडून काढतात, कूलंटचा चिकटा रॉकेलने पुसतात. चकाला झेंडूची माळ, सीएनसीच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, स्वच्छ फडक्यावर पाने, व्हर्नियर, मायक्रोमीटर ओळीने मांडलेले. नारळ जमिनीवर फोडायचा, बेडवर नाही. पाणी उडालं तर गंज धरेल. मग त्या दिवशी बटणाला हात नाही. ज्या यंत्राच्या जबड्यात बोटं जाऊ शकतात, त्याच्याशी वर्षातून एकदा गोडीने बोलून घ्यायचं. पूजेने अपघात टळत नाही, गार्ड लावल्याने टळतो; जुना ऑपरेटर दोन्ही करतो.

आणि चैत्री पौर्णिमा. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड निघतं, पाठीला गळ लावलेला गळकरी घेऊन. आयटी पार्क आलं, महामार्गाने दोन्ही गावांची फारकत केली, तरी देव एकच राहिला. २०२० मध्ये ही पौर्णिमा टाळेबंदीत आली आणि गावोगावच्या यात्रा घरातच झाल्या. काळेवाडीत भाड्याने राहणारा लातूरचा नाहीतर साताऱ्याचा माणूस बगाड बघायला जातो, पण मान त्याचा नाही, हे त्याला कळतं. त्याचा देव गावाकडे. रजेच्या अर्जावर तो ‘गावची यात्रा’ एवढंच लिहितो आणि सुपरवायझर खोदून विचारत नाही, कारण तो स्वतः मागच्या आठवड्यात त्याच कारणाने गैरहजर होता.