मागचा दिवा आपल्याला दिसत नसतो

टाटा इंडिका १९९८ साली पिंपरीच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि पुण्यातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांसमोर पहिल्यांदाच चारचाकी उभी राहिली. त्याच सुमारास सँट्रो आणि वॅगन आर आल्या. मारुती ८०० तर १९८३ पासून होतीच. पुढे २०१४ मध्ये मारुती ८०० चे आणि २०१८ मध्ये इंडिकाचे उत्पादन बंद झाले, पण रस्त्यावरच्या गाड्या काही थांबल्या नाहीत. एका घरातून दुसऱ्या घरात, मोठ्या भावाकडून धाकट्याकडे जात त्या आजही कोंढवा, कॅम्प, हडपसर, मोमीनपुरा इथल्या गल्ल्यांत उभ्या दिसतात. दादीला दवाखान्यात न्यायचे असो, खालाकडे इफ्तारला जायचे असो की सासवडला वलीम्याला, गाडी हीच.

अशा जुन्या गाडीची आपण आपल्या परीने काळजी घेतो. इंजिन गरम झाले की गॅरेज गाठतो, एसी थंड करेना तर दुसऱ्या दिवशीच गॅस भरून घेतो. बाहेरचे दिवे मात्र महिनोन्‌महिने तसेच राहतात. कारण साधे आहे. इंजिन बिघडले तर त्रास आपल्याला होतो. मागचा दिवा गेला तर आपल्याला काहीच होत नाही. तो आपल्याला दिसतही नाही. धोका असतो तो मागून येणाऱ्याला.

एका दिव्याचा फरक

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर सगळ्यांना पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावा लागतो. पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट लागला नाही, तर ती थांबते आहे हे मागच्याला अंतर कमी झाल्यावरच कळते. एक-दोन सेकंद तिथेच जातात, म्हणजे १७ ते ३४ मीटर. पुण्यात तो मागचा माणूस बहुधा दुचाकीवर असतो. आपल्याला पत्र्याचे संरक्षण असते, त्याला ते नसते.

पुढचा उजवा दिवा गेला तर धोका वेगळ्या तऱ्हेचा असतो. बोपदेव घाटासारख्या अंधाऱ्या, अरुंद रस्त्यावर समोरून फक्त डावा दिवा दिसला की येणारा समजतो, कडेने मोटारसायकल येते आहे. तो तेवढीच जागा सोडतो. आपल्या गाडीची उजवी बाजू मात्र अंधारात त्याच्या वाटेवर असते.

दहा मिनिटांची तपासणी

हे काम एकट्याने नीट होत नाही. घरातला एक जण चालकाच्या जागेवर बसावा आणि दुसऱ्याने गाडीभोवती फिरावे. मुलगा-मुलगी दहा-बारा वर्षांची असली तरी चालते. मात्र गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून उभी करावी आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा. चावी फक्त ‘ऑन’ करावी. मग पार्किंग लाइट, डिपर, अप्पर, चारही इंडिकेटर असे क्रमाने लावत जावे. मागे उभे असलेल्याने मोठ्याने सांगावे : “अब्बा, डावीकडचा ब्रेकलाइट लागत नाही.” एवढे वाक्य कळले की निम्मे काम झाले. रिव्हर्सचा दिवा पाहायचा असेल तर मुलाला आधी गाडीच्या बाजूला उभे करावे, मगच रिव्हर्स गिअर टाकावा. नंबरप्लेटवरचा छोटा दिवा हमखास विसरला जातो, तोही पाहावा.

घरात कोणी नसेल तर संध्याकाळी एखाद्या भिंतीसमोर किंवा बंद शटरसमोर गाडी उभी करावी. पुढचे दोन्ही उजेड भिंतीवर दिसतात. गाडी उलटी लावली की ब्रेकचा लाल प्रकाश आरशात दिसतो.

कोणती खूण, कोणता बिघाड

एकच दिवा बंद असेल तर बहुधा बल्ब गेलेला असतो. काढून पाहावा. आतली तार तुटलेली किंवा काच काळी पडलेली दिसते. बल्ब चांगला असेल तर होल्डर पाहावा. जुन्या गाड्यांत होल्डरच्या पट्टीवर हिरवट गंज चढतो आणि वीज पुढे जात नाही.

अनेक दिवे एकदम गेले तर आधी फ्यूज तपासावा. फ्यूजचा रंग ठरलेला असतो : लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. गेला त्याच रंगाचा घालावा. मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कधीही घालू नये. फ्यूज वितळतो तो वायर जळू नये म्हणूनच. नवा फ्यूजही लगेच गेला तर कुठेतरी वायर सोलून पत्र्याला लागते आहे. ते काम इलेक्ट्रिशियनचे.

दोन्हीकडचे ब्रेकलाइट एकदम बंद असतील आणि फ्यूज ठीक असेल, तर संशय ब्रेकच्या स्विचवर घ्यावा. तो पायाशी, पेडलच्या वर असतो. हाच स्विच उलटाही बिघडतो : दिवे सतत लागून राहतात आणि फजरच्या वेळी गाडी काढायला जावे तर बॅटरी उतरलेली. चालत्या गाडीचा ब्रेकलाइट कायम जळत असेल तर आपण खरोखर कधी थांबतो आहोत, हे मागच्याला कळत नाही.

इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर टिकटिकत असेल तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ एकच : त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे. हा एकच बिघाड गाडी स्वतःहून सांगते.

डावा इंडिकेटर लावला की टेललाइटही मंद लुकलुकतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो, असे दिसले की लोक घाबरतात. पण हा बहुधा अर्थिंगचा दोष असतो. दिव्यातून गेलेली वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतते. पत्र्याला जोडलेला तो स्क्रू गंजला की वीज दुसऱ्या दिव्याच्या वाटेने परत जाऊ पाहते. स्क्रू काढून, खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून, पुन्हा घट्ट बसवला आणि वर थोडी व्हॅसलिन लावली की बहुतेक वेळा काम होते.

मागच्या दिव्यात अनेकदा दोन तारांचा एकच बल्ब असतो. ५ वॅटची तार टेललाइटसाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. त्याच्या बाजूच्या दोन खिट्या मुद्दाम वरखाली दिलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. जोर करून उलटा बसवला तर टेललाइट भगभगीत लागतो आणि ब्रेक दाबल्यावर उजेड वाढत नाही.

उजेड कमी का पडतो

दोन्ही हेडलाइट लागतात, तरी रस्ता दिसत नाही, ही जुन्या गाडीची नेहमीची तक्रार. पहिले कारण बाहेरच्या प्लास्टिकचे. वर्षानुवर्षे उन्हात उभे राहून ते पिवळे, धुरकट होते. टूथपेस्टने घासून थोडे दिवस बरे वाटते. नीट काम करायचे तर बारीक पॉलिश पेपर पाण्यासोबत वापरून थर काढावा लागतो, पॉलिश करावे लागते आणि वर उन्हापासून वाचवणारा लेप द्यावा लागतो. तो दिला नाही तर पिवळेपणा लवकरच परततो. आतला चंदेरी आरसाच काळा पडला असेल तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही. दिवाच बदलावा लागतो.

दुसरे कारण वीज पुरेशी न पोहोचण्याचे. हॅलोजन बल्बला मिळणारा दाब दहा टक्क्यांनी कमी झाला तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. जुन्या अनेक छोट्या गाड्यांत हेडलाइटची सगळी वीज स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जाते. त्याचे टोक जळले की दाब तिथेच खाल्ला जातो. चांगला इलेक्ट्रिशियन रिले बसवून बॅटरीची वीज सरळ बल्बकडे नेतो. त्याच जुन्या बल्बचा उजेड मग नव्यासारखा पडतो.

जास्त वॅटचा मोह

दुकानात मात्र सोपा सल्ला मिळतो : “शंभर वॅटचा टाका, लख्ख दिसेल.” या गाड्यांतला नेहमीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. अप्परवर दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर वीज ओढतात. शंभर वॅटचे दोन बल्ब जवळपास १७ ओढतील. वायर, होल्डर आणि स्विच तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. आधी होल्डर वितळतो, मग वायर. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब बसवण्याचाही सध्या शौक आहे. पण आतला आरसा हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. उजेडाची जागा बदलली की प्रकाश विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

बल्ब बरोबर असूनही तो नीट बसला नाही तर असेच होते. कडेच्या तिन्ही पट्ट्या खाचेत बसल्या पाहिजेत. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये. बोटाच्या तेलाने काच त्या जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. मागे पाच माणसे आणि डिकीत ईदचे सामान असेल तर गाडी मागून दबते आणि दिवे वर उठतात. अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची एक चकती असते, ती अशा वेळी दिवे खाली करण्यासाठीच. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटर मागे उभे राहिले तर डिपरच्या उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली असावी, डावीकडे थोडी चढलेली.

पाऊस आणि उंदीर

पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात टेललाइटच्या जुन्या रबरातून पाणी आत जाते. काचेच्या आत थेंब दिसले की दिवा काढून वाळवावा, रबर बदलावे आणि होल्डर साफ करावा. नुसता बल्ब बदलत राहिलो तर तो पुन्हा पुन्हा जाईल. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. दिवा कारण नसताना गेला तर बॉनेट उघडून वायरींवर एक नजर टाकावी.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यांनुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, आणि उजेड पुरेसा नसेल तेव्हा कधीही, दिवे लावणे बंधनकारक आहे. मागचे लाल दिवे १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत आणि नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. शिवाय खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की आरटीओकडे नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या तपासणीत दिवेही पाहिले जातात. पण कायद्याने सांगितलेला अर्धा तास हा किमान नियम आहे. मगरिबच्या आसपास, रमजानमध्ये तर विशेषच, रस्त्यावर सगळ्यांनाच घाई असते आणि नजर अजून अंधाराला सरावलेली नसते. तेव्हा सूर्य मावळताच डिपर लावावा.

नाना पेठेत जुन्या गाड्यांचे सुटे भाग सहज मिळतात. जाताना जुना बल्ब खिशात न्यावा आणि तसाच मागावा. ब्रेकलाइटचा बल्ब चहा आणि बनमस्क्याच्या खर्चात येतो. दोन घ्यावेत : एक लावायला, एक डॅशबोर्डच्या कप्प्यात. सोबत दोन-तीन फ्यूज आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवावा. तपासणीला महिन्यातला एक दिवस ठरवावा, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी हाक मारून गाडीच्या मागे उभे करावे.